हवालदाराचा टाक

दंडावर मारुती गोंदवलेली माणसं मी ढिगानं पाहिलीत. मनगटावर बायकोचं नाव गोंदवून पुढं पस्तावलेलीही दोन-चार माहीत आहेत. पण अंगावर इंच गोंदवून घेतलेला माणूस उभ्या जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे तलवाड्याचा रंगनाथ हवालदार. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून थेट कोपरापर्यंत बारीक हिरव्या रेघा. दर इंचाला आखूड रेघ, दर सहाला लांब. हे काम त्यानं बसऱ्याच्या बाजारात एका अरबाकडून करून घेतलं होतं. फीत हरवते, पट्टी मोडते, हात कुठं जातोय, असं त्याचं म्हणणं. गावात कुणाला चोळीचं कापड मोजायचं असो, मारलेला साप मोजायचा असो, की पाळण्यातलं पोर महिन्याभरात किती वाढलं ते बघायचं असो, लोक हवालदाराचा हात मागायला येत. हा गडी हात ताणून धरायचा, आकडा सांगायचा आणि आकडा सांगताना "अंदाजे" हा शब्द कधी तोंडातून काढायचा नाही.

मी तलवाड्याला मुदर्रिस म्हणून गेलो तेव्हा निजामाचा अंमल होता. शाळेत उर्दू मीच शिकवायचो, मराठीही मीच, आणि दोन्ही सारख्याच रडतखडत. राहायला खोली मिळाली ती हवालदाराच्या भिंतीला भिंत लावून. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं भिंतीतल्या फळीवर पुस्तकांची पेटी चढवत होतो, तर दारातून आवाज आला, "मास्तर, वजन बोला."

वळून पाहिलं, तर एक बुटका, रुंद माणूस. अंगात बंडी, डोक्याला पटका, हातात सुताराचा वाकस. उजव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं, सुरुंगाच्या कामात तो कान गेला होता. त्यामुळं तो साधं बोलायचा तेही शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं.

"कशाचं वजन?"

"पेटीचं. फळीला इचारलं का, पेलतंय का म्हणून?"

मी बीडचा शिकलेला माणूस. एक सुतार मला अक्कल शिकवणार! मी म्हटलं, "आमच्याकडं फळ्यांना विचारायची पद्धत नाही." तो निघून गेला. आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी ऐन जेवणवेळी फळी, पेटी आणि तीन इयत्तांची क्रमिक पुस्तकं माझ्या वरणाच्या पातेल्यात येऊन पडली. आवाज ऐकून तो आला, पातेलं पाहिलं, हसला नाही. घरून बाभळीचे दोन कोन आणले आणि फळी बसवून दिली. मग स्वतः फळीला लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, "आता ठिवा. आता इचारायची गरज न्हाई."

"वजन बोला" हा त्याचा मंत्र होता. लग्नाचा मांडव बघितला की विचारायचा, वर किती माणसं चढणार, वजन बोला. कुणी नवी गाडी दाखवायला आणली की तेच. जावई निवडतानासुद्धा त्यानं एका सोयऱ्याला तेच विचारल्याचं ऐकलं, आणि सोयऱ्यानं बिचाऱ्यानं खरंच पोराचं वजन सांगितलं होतं म्हणे.

हा सुताराचा पोर तरणा असताना चाकाच्या कामासाठी इंग्रजी हद्दीत, नगरला गेला होता. तिथं पहिल्या मोठ्या लढाईची भरती चाललेली. सुतारकी येते म्हटल्यावर त्याला सफरमैना पलटणीत घेतलं. सफरमैना म्हणजे लढाईतले सुतार, लोहार, गवंडी, सुरुंगवाले: पूल बांधणारे आणि रस्ते करणारे लोक. तिथून गलबतात घालून थेट बसऱ्याला. हवालदार ही पदवी मात्र परत आल्यावर गावानंच दिली. गावातल्या पोरांना लढाईच्या गोष्टी हव्या असत. किती गोळ्या झाडल्या, किती माणसं मारली? हवालदार चिडायचा. "गोळी मी कशाला झाडू बे? गोळीवाले मागनं यायचे. आदी आमी. आमी पाण्यात उतरून नावा बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, मंग ते बूट वाजवीत वरून जायचे. अन् नाव कुणाचं? त्यांचं!"

त्या तिकडच्या नदीला तो दजला म्हणायचा आणि घरातल्या माणसासारखं तिच्याविषयी बोलायचा. दजलेचं पाणी मातकट, दजलेची ओढ लबाड, दजलेचा मासा बेचव. आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, तो मान द्यायचा, पण मनातून त्याला दजलाच मोठी वाटत असावी. लढाईत त्याला एकच गोष्ट पटली नव्हती. स्वतः बांधलेला चांगला धडधाकट पूल माघार घेताना त्याला स्वतःच्याच हातानं उडवावा लागला होता. ते सांगताना मात्र त्याचा आवाज उतरायचा. "असं कुठं असतंय का, मास्तर? दुश्मनाला जाऊ द्यायचं न्हाई म्हणून? जाऊ द्या की त्यालाबी. पूल हाय तो."

परत आल्यावर गावच्या ओढ्यावर त्यानं बाभळीच्या ओंडक्यांचा आणि मोडक्या गाडीच्या आसांचा एक पूल घातला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याच्यानं राहवलं नाही. त्या पुलावरून पावसाळ्यात शाळा भरायची, म्हणून मी त्याचा ऋणी. पण त्या पुलाचा खरा पराक्रम मी पाहिला तो एका लग्नात. उमापूरचं वऱ्हाड आलं होतं. पुढं हलगी आणि ताशा, मागं नवरदेव घोड्यावर, मध्ये पाच-पन्नास माणसं एका ठेक्यात नाचत. वरात पुलाशी आली आणि हवालदार पुलाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा. "ताल बंद! पुलावर ताल न्हाई!"

नवऱ्याचा बाप तापला. "आमची वाजंत्री अडवणारा तू कोण बे?"

"पूल माझा हाय. पन्नास पाय एकदम पडले की लोखंडाचा पूलबी नाचतोय. पलटणीला हुकूम असतोय, पुलावर कदम तोडा. कुणाचा पाय कुणाशी जुळता कामा न्हाई."

"लग्नात पाय जुळवून नाचायचं न्हाई तर काय मयतीत?"

झालं. अर्धी घटका नुसती हमरीतुमरी. नवरदेव घोड्यावर घाम पुशीत बसला, मुहूर्त टळतो म्हणून भटजी रडकुंडीला आले. शेवटी वाजंत्री थांबली आणि अख्खं वऱ्हाड मुकाट्यानं, पाय मुद्दाम चुकवत पुलावरून निघालं. ठेक्यात नाचून आलेल्या माणसाला बेठेक्यात चालणं काय अवघड जातं, ते त्या दिवशी कळलं. तिघं-चौघं एकमेकांत अडखळून पडले. त्यातल्या त्यात जे थोडी लावून आले होते त्यांचेच पाय बरोब्बर चुकत होते. हवालदार त्यांना म्हणाला, "शाब्बास! तुमाला पलटणीत घेतलं असतं." नवऱ्याच्या बापानं मग जेवणावर राग काढला आणि तीन पंक्तींचं एकट्यानं खाल्लं.

आता पदकाची गोष्ट. ती तो स्वतःच सांगायचा, पारावर बसून, हजारदा सांगितली तरी पहिल्यांदाच सांगतोय अशा खुशीत. बसऱ्याहून दोन वर्षं त्याची पत्रं नीट येत होती. मग एकाएकी थांबली. घरी आई एकटी, सारजाबाई. बाप कधीच वारलेला, रंगनाथचं लग्न व्हायचं होतं. पत्र नाही की निरोप नाही. आणि एक दिवस टपालवाल्यानं एक डबी आणून दिली, सोबत इंग्रजी कागद. गावात पटवाऱ्याला मोडी येत होती, माझ्या आधीच्या मास्तरांना उर्दू. इंग्रजी कुणालाच नाही. सगळ्यांसमक्ष डबी उघडली. आत रुपयाहून मोठं चांदीचं पदक. एका बाजूला घोडा, घोड्यावर नंगी तलवार घेतलेला स्वार, आणि घोड्याच्या टापांखाली माणसाची कवटी.

सारजाबाईनं ते हातात घेऊन कपाळाला लावलं. आपल्याकडं लग्नाआधी गेलेला तरणा माणूस म्हणजे घराचा वीर. त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, आणि त्या टाकावर काय असतं? घोड्यावरचा स्वार. ती म्हणाली, "माझ्या रंग्याचा टाक धाडला सरकारनं." आणि सगळ्या गावाला ते पटलं. खंडोबाच्या वाघ्याला बोलावलं. त्यानं टाक उलटासुलटा करून पाहिला. घोडा आहे, स्वार आहे, टापांखाली दैत्याचं शीर आहे, सगळं शास्त्राप्रमाणं. फक्त स्वाराच्या अंगावर चिंधी नव्हती. वाघ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "लढाईत फाटलं असंल." दुसऱ्या बाजूला बोडक्या डोक्याच्या कुण्या गोऱ्या माणसाचा मुखडा होता. तो कोण ते कुणालाच सांगता येईना, म्हणून ती बाजू भिंतीकडं केली. इंग्लंडचा बादशहा आमच्या तलवाड्यात भिंतीकडं तोंड करून बसला तो तेव्हापासून. सोनारानं वरची कडी कापली, सुतक पाळलं, तो इंग्रजी कागद गंगेत सोडला आणि टाक खंडोबाच्या शेजारी बसवला.

आणि चार महिन्यांनी भर दुपारी हवालदार पाठीवर वळकटी घेऊन दारात हजर!

"मायनं मला बघितलं," तो सांगायचा, "बोंब न्हाई, रडणं न्हाई. आदी हाताची बोटं मोजली. मंग पायाची. मंग आत पळाली अन् टाकावर मूठभर भंडारा उधळला. मी म्हनलं, माय, हे माझं मेडल हाय, दे इकडं. तर म्हनली, हात लावू नगंस. त्यानं तुझं मरण घेतलं म्हणून तू आलास. देव्हाऱ्याच्या बाहीर काढला, की तुझं मरण मोकळं झालं." इथं अख्खा पार हसून हसून लोळायचा. सगळ्यांत जास्त हवालदार. पुढं लग्न झाल्यावर नव्या नवरीला, गोदाबाईला, देवांच्या पाया पडायला लावलं, तेव्हा तिनं नवऱ्याला एकदा टाकात आणि एकदा जित्या अंगात असा दोनदा नमस्कार केला, ही पुरवणीही तो कधी चुकवायचा नाही. घर पाराला लागूनच. सारजाआजी उंबऱ्यात धान्य निवडत सगळं ऐकायची आणि म्हणायची, "हास रं हास. तुझ्या बापाचं काय जातंय."

पण एक सांगतो. उमापूरच्या बाजारात एक म्हातारा शिपाई असलंच पदक छातीला लावून भाजी घ्यायला यायचा. मेथीची जुडीसुद्धा छाती पुढं काढून घ्यायचा. एकदा मी आणि हवालदार बरोबर होतो. हवालदार वांग्यांच्या ढिगापुढं उभा राहून त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिला. बराच वेळ. आणि वांगी न घेताच वळला. वाटेत मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "वांगी किडकी व्हती." वांगी चांगली होती, मीच घेतली होती ना.

असं दहाएक वर्षं चाललं होतं. नांगर, वखर, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी. आणि एका दिवाळीनंतर बातमी आली की माजलगावच्या वाटेवर सिंदफणेवर दगडी पूल होणार. तामीरात खात्याचा, म्हणजे बांधकामाचा, साहेब हैदराबादेहून येऊन नदीकाठी तंबू ठोकून बसलाय, आणि त्याला पाण्यातलं काम जाणणारा जमादार हवाय. हवालदाराला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. पहाटेच गेला, संध्याकाळी आला. आला तो माझ्या ओट्यावर बसून राहिला.

"साहेब भला माणूस हाय, मास्तर. माझं बोलणं समदं ऐकलं. मंग म्हनला, पलटणीचा कागद दाखव. हैद्राबादला लिव्हावं लागतंय, बिगर कागदाचा माणूस पाण्यात उतरवला तर त्याची नोकरी जाईल."

"मग दाखव की."

"कागद वाळवीनं खाल्ला. छपरात खोवून ठिवलाता." मग म्हणाला, "साहेब म्हनला, मेडल असंल तर त्याच्या कडंला नंबर अन् नाव कोरलेलं असतंय. ते आण. तेवढ्यावर भागंल."

आम्ही दोघांनीही त्याच्या दाराकडं बघितलं. आत सारजाआजी सांजवात लावत होती.

त्यानं आईला विचारलं. नाही. वाघ्याला पुढं घातलं. वाघ्या म्हणाला, तेवढ्या वेळापुरती खंडोबाची परवानगी घेता येईल, तर म्हातारी म्हणाली, परवानगी तू घेशील, अन् लेक मेला तर परत आणून कोण देईल? तिसऱ्या दिवशी माझी नेमणूक झाली. शिकलेला माणूस म्हणून. मी समोर बसून सावकाश सांगितलं, "आजी, हा टाक नाही. पदक आहे. इंग्रजांच्या टाकसाळीत असे लाखांनी पाडतात."

"मास्तर, तुमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण हाय का?"

"आहे."

"कुठनं आणला?"

"पैठणहून. दुकानातून."

"दुकानात व्हता तवा पितळ व्हतं. घरी आल्यावर देव झाला. मंग माझ्या देवालाच कावून टाकसाळ दाखवता?"

मी ताक पिऊन परत आलो. माझं शिक्षण कमी पडलं, दुसरं काय.

हवालदारानं मग बोलणंच टाकलं. दोन दिवस तो नुसता एका नांगराला तासत बसला, नांगराची काठी व्हायची वेळ आली. गोदाबाई कधी चारचौघांत बोलायची नाही. तिनं चुलीपुढूनच सासूला म्हटलं, "आत्याबाई, चंपाषष्ठीला देव न्हायला न्यायचेच हायेत की. दरसाल गंगेला नेतो. औंदा सिंदफणेला नेऊ. टाक काय एकटा बाहीर निघणार न्हाई. समदे देव संगं असतील."

 यात खोट काढायला सारजाआजीला जागा सापडेना. देव न्हायला जातात, पुन्हा देव्हाऱ्यात येतात. "पर कुणी हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाली.

अशी आमची स्वारी निघाली. बैलगाडीत सारजाआजी, मांडीवर देवांची दुरडी. पुढं वाघ्या, भंडारा उधळीत. मी शाळेला सुट्टी दिली होती, मुलांपेक्षा मलाच जास्त हवी होती. साहेब तंबूबाहेर आला. हैदराबादी माणूस, अंगात शेरवानी, डोळ्यांना चष्मा. दुरडीतले देव दिसताच त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. सारजाआजीनं देव नदीत न्हाऊ घातले, पुसले, आणि टाक स्वतःच्या चिमटीत धरून साहेबाच्या नाकासमोर नेला. साहेब भिंग घेऊन टाकाची कड बघू लागला. ती हळूहळू टाक फिरवतेय, हा बघतोय. एक फेरा झाला, दुसरा झाला.

"अम्मा, इसपर तो कुछ बी नै."

काहीच नव्हतं. कड गुळगुळीत. दहा वर्षं ती रोज सकाळी चिंच आणि राखेनं तो टाक घासत होती. घरातल्या देवांत सगळ्यांत लखलखीत तोच. हवालदारानं एकदा कड पाहिली, एकदा आईचे हात पाहिले आणि वाळूत बसला.

सारजाआजीला कळलं काय झालं ते. तोंड एवढंएवढंसं झालं तिचं. मग ती साहेबाला म्हणाली, "नंबरच पाह्यजे ना?" आणि डोळे मिटून, आरती म्हणावी तसं, एका दमात म्हणून दाखवलं, "नंबर तीन हजार सातशे बासष्ट, सपर रंगनाथ सुतार, बारा नंबर कंपनी, मुक्काम बसरा."

आम्ही सगळे आ वासून बघतोय. दोन वर्षं लेकाला पत्र लिहवून घेताना दर वेळी तिनंच हा पत्ता माझ्या आधीच्या मास्तरांना तोंडी सांगितला होता. पुढं टाक घासताना रोज तेच म्हणत राहिली. एका अक्षराची चूक नाही. साहेबानं लगेच लिहून घेतलं.

"माय, तो जुना नंबर," हवालदार वाळूतूनच म्हणाला. "तापात पडायच्या आदीचा. दवाखान्यात खाट बदलली, मंग दुसऱ्या कंपनीत घातला, तिथं नवा नंबर दिला. तो माझ्या ध्यानात न्हाई."

"चलता," साहेब म्हणाला. "पुराना तो पुराना. मैं लिखके पूछतूं."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. साहेबाचा माणूस घोड्यावर निरोप घेऊन आला की सगळ्यांनी या, अम्माला जरूर आणा. सारजाआजी टाक एकटा घरी ठेवायला तयार होईना, म्हणून पुन्हा दुरडी, पुन्हा देव. साहेबानं सतरंजी अंथरली होती. त्यानं पलटणीच्या दप्तराचा इंग्रजी कागद माझ्यापुढं धरला. मी वाचला. पुन्हा वाचला. माझं इंग्रजी कच्चं, पण इतकंही कच्चं नव्हतं.

"काय लिव्हलंय?" हवालदारानं विचारलं.

"लिहिलंय की ह्या नंबरचा शिपाई बसऱ्याच्या दवाखान्यात तापानं वारला. पदक त्याच्या आईकडं पाठवून दिलं."

ज्या खाटेवरून ह्याला उचललं, त्याच खाटेवर पुढं दुसरा कुणी गेला असणार, आणि दप्तरात मेला तो रंगनाथ सुतार. गंगेत सोडलेल्या त्या इंग्रजी कागदावर तेच लिहिलेलं असणार. दहा वर्षं सगळ्या गावानं जिला हसून घेतलं, त्या म्हातारीनं एकही अक्षर न वाचता तो कागद बरोबर वाचला होता.

सारजाआजीनं एकेकाकडं बघितलं. आधी वाघ्याकडं, मग माझ्याकडं, शेवटी लेकाकडं. "मी येडी व्हते न्हाई का? पारावर बसून दात काढत व्हतास ना?"  हवालदाराचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. हजारदा सांगितलेली ती गोष्ट त्यानं पुढं कुणालाही सांगितली नाही, हे मला गावातल्यांनी नंतर सांगितलं.

साहेब मात्र हसत होता. म्हणाला, मेलेल्या माणसाला नोकरीवर ठेवलं तर हैदराबाद माझी नोकरी खाईल. पण उपाय आहे. त्यानं उर्दूत चार ओळी लिहून तयारच ठेवल्या होत्या: तो शिपाई हाच, माझा लेक, जिवंत आहे, माझ्यासमोर उभा आहे. खाली आईचा अंगठा. शाई पुढं केली.

"काय लिव्हलंय त्याच्यावर?" आजीनं मला विचारलं.

"रंगनाथ जिवंत आहे, एवढंच."

तिनं अंगठा पदरात लपवला. "न्हाई."

"आजी, अहो, जिवंत आहेच की तो!"

"तुमाला काय कळतंय, मास्तर? तिकडं त्याचं नाव मेल्यात लागलंय, म्हणून तर त्याला कुणी न्यायला आलं न्हाई. आज मी अंगठा दिऊन जित्यात लावू? अन् वरच्यानं वाचलं तर?" तिनं दुरडी जवळ ओढली. "मला पूल नगं. मला ह्यो पाह्यजे."

 साहेबानं चष्मा काढून पुसला. मी नदीकडं बघत होतो. हवालदार उठला, आईसमोर येऊन उकिडवा बसला, आणि मोठ्यानं बोलणारा तो माणूस इतका हळू बोलला की मला पुढं सरकावं लागलं.

"माय, दहा वर्षं झाली मी चाकं करतोय. चाकं कुणीबी करील. पाण्यात पाय कसा घ्यायचा ते मला येतंय. ते कुणाला दाखवू? तुला तुझा वीर पाह्यजे ना? हाय की दुरडीत. जलमभर घास, पूज, मी मागणार न्हाई. पर त्याला ठिव अन् मला सोड."

 म्हातारीनं पदरातून अंगठा काढला. देव हाताळून तो भंडाऱ्यानं पिवळा झाला होता, तसाच शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. इतका जोरात दाबला की साहेबाचं टेबल हललं. आणि साहेबाला बजावलं, "काय झालं तर तुमाला धरीन." साहेब म्हणाला, "हौ अम्मा, मेरेकूच धरना."

हवालदारानं आईचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. रडत होता. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान घेऊन निघालो तो माजलगावच्या वाटेनं, म्हणजे पूल लागणारच होता. दोन खांब पाण्यावर आले होते. तिसऱ्याचा पाया चालला होता, डोहात. काठावर बाभळीच्या विरळ सावलीत सारजाआजी बसली होती, मांडीवर दुरडी. काम सुरू झाल्यापासून हवालदाराचं बिऱ्हाड इथंच काठाला होतं, आणि ती रोज अशी येऊन बसते, असं गाडीवान म्हणाला. मी हाक मारली, तिनं मान हलवली, पण नजर पाण्यावरच.

हवालदार खांबाशी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गड्यांना ओरडत होता. तळाचा दगड बसला की नाही ते बघायला त्यानं छाती भरून घेतली आणि बुडी मारली. आजी दुरडी छातीशी धरून उभी राहिली. पाणी एकदम सपाट झालं.  मग पलीकडं त्याचं डोकं वर आलं, थुंकला, हात हलवून गड्यांना काहीतरी सांगितलं. आजी खाली बसली.

"दिवसातून किती वेळा बुडी मारतो हो, आजी?"

"मोजत न्हाई, बाबा," ती म्हणाली. "खाली गेला की उठते, वर आला की बसते."

तिकडं हवालदारानं पुन्हा छाती भरून घेतली. आजी उठली. गाडीवान निघायची घाई करत होता. मी त्याला थांब म्हटलं आणि खाली उतरून तिच्याशेजारी उभा राहिलो.